नदीच्या गाळातील हाडांवरून प्राचीन पर्यावरण कसे मांडावे: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

घोड, प्रवरा, गोदावरी, मांजरा या नद्यांच्या जुन्या गाळात अश्मीभूत हाडे सापडतात. त्यांत रानटी गुरे (बॉस नामाडिकस), सरळ सुळ्यांचा प्रचंड हत्ती (पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस), घोड्याच्या कुळातील प्राणी आणि आज भारतात नसलेला पाणघोडा (हेक्साप्रोटोडॉन) यांचे अवशेष असतात. या हाडांवरून तेव्हाचा परिसर कसा होता हे सांगण्याचा प्रयत्न अनेक विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक करतात, आणि त्यांपैकी बहुतेक जण एकाच ठिकाणी घसरतात. पाणघोड्याचा दात मिळाला की लगेच ‘येथे घनदाट अरण्य व भरपूर पाऊस होता’ असे वाक्य लिहून ते मोकळे होतात. प्राण्याची ओळख आणि पर्यावरणाचा निष्कर्ष यांच्यामध्ये किमान चार कामे असतात, ती तशीच राहून जातात. पुढील क्रम दख्खनच्या नदीकाठचा साठा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. गुहेतील किंवा वस्तीतील हाडांसाठी जिथे वेगळे वागावे लागते, तिथे तसे सांगितले आहे.

## १. उतरण्यापूर्वी: प्रश्न, परवानगी, तुलनेची हाडे

प्रश्न आधी कागदावर लिहावा, आणि तो हाडांना उत्तर देता येईल इतका लहान असावा. ‘प्लाइस्टोसीन (हिमयुगांच्या) काळातील हवामान कसे होते’ हा प्रश्न दोन पोती हाडांना विचारण्यासारखा नाही. ‘या खडीच्या थरातील रवंथ करणारे प्राणी मुख्यतः गवत खात होते की झाडपाला’ हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण कोणते अवशेष उचलायचे, किती उचलायचे आणि त्यांवर कोणत्या तपासण्या करायच्या हे त्यातून आपोआप ठरते.

परवानगीचे काम कंटाळवाणे असले तरी ते पहिले करावे. जिथे दगडी हत्यारे किंवा खापरेही सापडतात, तिथे पुरातत्त्वीय उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय करता येत नाही. जमीनमालक, ग्रामपंचायत आणि जागा वनजमीन असल्यास वनविभाग यांची संमती लेखी घ्यावी.

तुलनेसाठी आजच्या प्राण्यांची हाडे लागतात, आणि त्यांची सोय मोहिमेनंतर नव्हे, आधी करावी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अशा हाडांचा संग्रह आहे. वेळ ठरवून तिथे बसावे आणि नीलगाय, चितळ, काळवीट, म्हैस व गाय यांच्या दाढा आणि घोट्याची हाडे हातात घेऊन पाहावीत.

इशारा: रानात पडलेला नीलगायीचा किंवा काळविटाचा सांगाडा ‘संदर्भासाठी’ घरी आणू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित प्राण्याचे अवशेष बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो. मेलेल्या गाईबैलांची आणि शेळ्यामेंढ्यांची हाडे मात्र गावात सहज मिळतात आणि शिकण्यासाठी ती पुरेशी असतात.

## २. हाडाआधी थर वाचावा

दरडीसमोर उभे राहिल्यावर नजर हाडावर जाते. ती मुद्दाम वळवून आधी संपूर्ण दरडीचे चित्र काढावे. तळाशी बेसॉल्ट, त्यावर गोटे आणि खडी, त्यावर तिरप्या रेषांची वाळू, मग पिवळसर गाळ, त्यात चुनखडीचे खडे, आणि सर्वांत वर आजची काळी माती, असा काहीसा क्रम दख्खनमध्ये नेहमी दिसतो. प्रत्येक थराची जाडी, रंग, कणांचा आकार आणि वरच्या-खालच्या थराशी असलेली सीमा स्पष्ट आहे की हळूहळू मिसळणारी, हे टेपने मोजून लिहावे.

याचे कारण साधे आहे. गोट्यांच्या थरात सापडलेले हाड वेगवान पाण्याने आणलेले असते. बारीक गाळात सापडलेले हाड पूर ओसरल्यावर, बहुधा जवळच, गाडले गेलेले असते. चुनखडीचे खडे जमीन काही काळ उघडी राहून तिच्यात ओलावा व कोरड आळीपाळीने येत गेल्याचे सुचवतात. ही माहिती हाडाकडून कधीच मिळणार नाही.

वयाचा विचारही इथेच सुरू होतो. रेडिओकार्बन पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच उपयोगी पडते. वाळूच्या कणांवरून वय काढण्याच्या प्रकाशदीप्ती पद्धतीत क्वार्ट्झ हे खनिज नेहमीचा आधार असते, पण केवळ बेसॉल्टच्या प्रदेशातून वाहणाऱ्या नदीच्या वाळूत क्वार्ट्झ नगण्य असते. म्हणून नमुना घेण्यापूर्वी प्रयोगशाळेशी बोलून फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजावर काम होईल का हे विचारावे. थरात ज्वालामुखीची राख दिसली तर आनंद होतोच, कारण तिचे वय काढता येते, परंतु कुकडी नदीकाठच्या बोरी येथील राखेचे उदाहरण लक्षात ठेवावे. त्या राखेचे वय काही अभ्यासकांनी सुमारे ७४ हजार वर्षे मानले, तर काहींनी त्याच्या कितीतरी पट. शिवाय राख स्वतःही पाण्याने वाहून दुसऱ्या थरात बसू शकते.

पडताळणी: तुमच्या वहीतील दरडीचे चित्र पाहून त्रयस्थ माणसाला हाडाचा थर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. येत नसेल तर अजून काहीही उचलू नये.

## ३. उचलणे

प्रत्येक हाडाला उचलण्यापूर्वी क्रमांक द्यावा. त्यासोबत थर, दरडीच्या माथ्यापासूनची खोली, लांब हाड असल्यास त्याची दिशा व कल, आणि वरची बाजू कोणती होती, हे नोंदवावे. दिशा होकायंत्राने घ्यावी. वीस-पंचवीस लांब हाडांच्या दिशा एकाच रेषेत येऊ लागल्या तर प्रवाहाने ती लावली आहेत, असे समजावे.

हाड भुसभुशीत असेल तर त्यावर ओला पातळ कागद चिकटवून, वरून प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळून, खालच्या मातीसह उचलावे. मजबुतीसाठी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेले पॅरालॉइड बी-७२ (एक ॲक्रिलिक राळ) वापरावे, कारण ते पुन्हा काढता येते. लाकूडकामाचा पांढरा गोंद वापरू नये. तो पुढे पिवळा पडतो, आक्रसतो आणि हाडाचा पृष्ठभाग सोबत सोलून काढतो.

इशारा: ज्या दातांची रासायनिक तपासणी करायची आहे, त्यांना कोणताही गोंद, रसायन किंवा लाख लावू नये. ते दात ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवावेत आणि डबीवर ‘रसायन नाही’ असे ठळक लिहावे.

स्वतःची एक चूक इथे सांगतो. पहिल्याच मोसमात मी एका रानटी बैलाचा खालचा जबडा मुक्कामी आणून नळाखाली स्वच्छ धुतला. जबडा छान दिसू लागला. दाढांच्या खोबणीत घट्ट बसलेली माती मात्र मोरीतून गेली, आणि त्या मातीत काडीच्या टोकाएवढे गोगलगायींचे शंख होते, हे जाळीवर अडकलेल्या दोनतीन तुकड्यांवरून कळले. हाडाला चिकटलेली माती त्याच हाडाच्या क्रमांकाने वेगळ्या पिशवीत ठेवावी. तिच्यात शंख असतात, वनस्पतींच्या सिलिकामय पेशी असतात, आणि ते हाड कोणत्या थरातले आहे याचा पुरावाही असतो.

## ४. चाळणे

मोठी हाडे डोळ्यांना दिसतात म्हणून मोठेच प्राणी वहीत येतात. परिसराबद्दल बारकाईने बोलणारे प्राणी मात्र लहान असतात, कारण उंदीर, चिचुंद्री, सरडा आपल्या थोड्याशा जागेत आयुष्य काढतात आणि हत्तीसारखे शेकडो किलोमीटर फिरत नाहीत. त्यामुळे प्रत्येक थरातून ठरावीक वजनाची माती, उदाहरणार्थ प्रत्येकी २० किलो, घेऊन आधी ५ मिलिमीटरच्या आणि मग १ मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक जाळीतून पाण्यात चाळावी. चिकण माती ओली असताना पाण्यात टाकली तर तिचे गोळेच राहतात. ती उन्हात पूर्ण खडखडीत वाळवून मग पाण्यात सोडली की आपोआप फुटते. घाई करून गोळे हाताने चुरडले की उंदराचे दातही चुरडले जातात.

सर्व थरांतून सारखेच वजन घ्यावे. एका थरातून १० किलो आणि दुसऱ्यातून ६० किलो चाळून ‘वरच्या थरात प्रजाती वाढल्या’ असे लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत. वाढली होती ती फक्त माती.

## ५. हाड तिथे आले कसे

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, आणि नेमका हाच टप्पा सर्वाधिक वेळा वगळला जातो. प्राणी मेल्यापासून हाड आपल्या हाती येईपर्यंत त्याचे काय काय झाले, याच्या अभ्यासाला टॅफोनॉमी म्हणतात. हा अभ्यास झाल्याशिवाय पुढची कोणतीही संख्या विश्वासार्ह होत नाही.

झीज पाहावी. केनियातील अँबोसेली येथे उघड्यावर पडलेल्या हाडांचा अभ्यास करून ॲना बेहरेन्समेयर यांनी १९७८ साली हाडांच्या झिजेच्या ० ते ५ अशा पायऱ्या मांडल्या. ताजे, चिरा नसलेले हाड ० मध्ये बसते. तंतूंच्या दिशेने चिरा पडल्या की १, वरचा पापुद्रा सुटू लागला की २, आणि हाताळताना जागच्या जागी तुकडे होणारे हाड ५. प्रत्येक हाडाला ही संख्या द्यावी. एकाच थरात ० आणि ४ दोन्ही मोठ्या प्रमाणात असतील, तर ती हाडे एकाच वेळी गाडली गेलेली नाहीत.

प्रवाहाची निवड पाहावी. वाहते पाणी हाडे आकारानुसार वेगळी करते. फासळ्या, मणके, छातीचे हाड आधी वाहून जातात. मांडी, नडगी, दंड यांची हाडे त्यांच्या मागून सरकतात. कवटी व खालचा जबडा बहुधा मागेच राहतात. तुमच्या साठ्यात फक्त जबडे आणि दात असतील, तर बाकीचे हलके भाग पाणी घेऊन गेले आहे, किंवा दात टणक असल्याने तेवढेच टिकले आहेत. दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात. हाडाच्या कडा गोटीसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर ते लोळत आलेले आहे. तीक्ष्ण कडांचे हाड बहुधा फार लांबून आलेले नाही.

शिकारी आणि कुरतडणारे पाहावेत. तरसाच्या दातांचे खड्डे, कोल्ह्याने चघळलेली टोके आणि साळिंदराच्या पुढच्या दातांनी पाडलेल्या रुंद, समांतर खाचा या तिन्ही खुणा भिंगाखाली वेगवेगळ्या दिसतात. गुहेत हे विशेष महत्त्वाचे असते, कारण साळिंदर आणि तरस दोघेही हाडे बिळात ओढून नेतात. उंदरांची हाडे ढिगाने सापडली तर ती बहुधा घुबडाच्या ओकलेल्या गोळ्यांतून आलेली असतात. गव्हाणी घुबड हाडे फारशी न पचवता बाहेर टाकते, तर दिवसा शिकार करणाऱ्या ससाण्यासारख्या पक्ष्यांच्या पोटात दातांचे आवरण (इनॅमल) बरेच विरघळते. दातांवरील ही विरघळ पाहून शिकारी कोण होता, म्हणजेच तो कुठे व कोणत्या वेळी शिकार करत होता, याचा अंदाज येतो. उघड्या माळावर शिकार करणाऱ्या घुबडाच्या गोळ्यांत जंगलातला उंदीर कमीच येणार, मग जंगल शेजारी असले तरी.

माणूस पाहावा. शिरूर तालुक्यातील इनामगाव हे घोड नदीकाठचे ताम्रपाषाणयुगीन खेडे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. अशा वस्तीत सापडलेली हाडे माणसाच्या निवडीतून आलेली असतात. त्यांत गाईबैल, शेळ्यामेंढ्या अधिक असणे हे पशुपालनाबद्दल सांगते; भोवतालच्या माळाबद्दल फार तर आडवळणाने. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे कोरीव तुकडे आणि मणी मिळाले आहेत. शहामृग कोरड्या, मोकळ्या प्रदेशाचा पक्षी आहे, हे खरे. परंतु मणी गळ्यात बांधून माणूस मैलोन्‌मैल चालतो. मणी आणि न घडवलेला कवचाचा तुकडा यांना म्हणून एकाच तराजूत तोलू नये.

जुन्या थरातून उकरून आलेले हाड ओळखावे. नदी आपलाच जुना काठ कापते आणि त्यातली हाडे नव्या गाळात टाकते. रंग, वजन, कठीणपणा आणि पोकळीत बसलेला खनिजांचा भराव बाकीच्या हाडांहून वेगळा असेल, तर ते हाड बाजूला काढावे. युरेनियम व दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे प्रमाण मोजता आले तर हा संशय अधिक नेमका तपासता येतो.

पडताळणी: शिंपल्याची दोन्ही झाकणे जोडलेली, बंद अवस्थेत आहेत का? तसे असेल तर तो प्राणी तिथेच, किंवा तिथून अगदी जवळ, मेला. सुट्या, घासलेल्या झाकणांना हा मान देऊ नये.

## ६. ओळख

दाढेवरून सुरुवात करावी. पाणघोड्याची घासलेली दाढ तीन पाकळ्यांच्या पानासारखी नक्षी दाखवते. घोड्याची दाढ उंच, चौकोनी आणि आवरणाच्या गुंतागुंतीच्या घड्यांची असते. हत्तीच्या दाढेत आडव्या पट्ट्यांची रांग असते. हरणांची दाढ बुटकी आणि खडबडीत आवरणाची असते. गाय-काळविटाच्या गटातील दाढ उंच व तुलनेने गुळगुळीत असते. मागच्या पायाच्या नळीच्या हाडावरही एक खूण असते. हरणात पुढच्या बाजूची उभी खाच खालच्या टोकाजवळ हाडाच्या पुलाने बंद होते, गाईच्या गटात ती उघडी राहते.

त्यापुढे मात्र जपून चालावे. गाय आणि म्हैस, गाय आणि नीलगाय, शेळी आणि मेंढी, शेळी आणि काळवीट या जोड्यांत भल्याभल्यांची गफलत होते. एका सुट्या तुकड्यावर प्रजातीचे नाव लिहिण्याऐवजी ‘गोवर्गीय, मोठा’ किंवा ‘हरण, मध्यम’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. चुकीच्या नावाने ओळखलेली म्हैस तुमच्या माळावर उगाच दलदल तयार करते.

## ७. मोजणी

दोन संख्या द्याव्यात: ओळखलेल्या तुकड्यांची आणि किमान प्राण्यांची. हत्तीच्या सुळ्याचे ४० तुकडे झाले तर तुकड्यांच्या हिशेबात हत्ती सर्वांवर मात करतो. किमान प्राण्यांच्या हिशेबात तो एकच राहतो. खालच्या जबड्याच्या तीन डाव्या तिसऱ्या दाढा मिळाल्या तर किमान तीन जनावरे, असा हा साधा हिशेब आहे. प्रत्येक थराची मोजणी स्वतंत्र ठेवावी आणि थर एकत्र करण्याचा मोह टाळावा.

## ८. प्राण्यावरून परिसर

आता पर्यावरणाबद्दल बोलण्याचा अधिकार मिळाला, असे समजावे. प्रत्येक प्राण्यासमोर तीन रकाने करावेत: त्याला काय हवेच असते, काय चालते, आणि काय अजिबात चालत नाही.

पाणघोड्याचे उदाहरण घेऊ. आफ्रिकेतला आजचा पाणघोडा दिवसभर पाण्यात राहतो आणि रात्री बाहेर येऊन मुख्यतः गवत चरतो. त्याला बारमाही, अंग बुडेल इतके पाणी आणि चालण्याच्या अंतरावर गवताळ जमीन हवीच असते. घनदाट अरण्य त्याला नको असते. मग त्याच्या दाताचा अर्थ ‘बारमाही पाण्याचे डोह आणि काठावर कुरण’ इतकाच होतो. मोठी नदी दूरच्या ओल्या घाटमाथ्यावरून पाणी आणून कोरड्या प्रदेशातही डोह भरून ठेवू शकते, त्यामुळे स्थानिक पावसाबद्दल हा दात जवळजवळ गप्पच असतो. इथे आणखी एक पायरी असते, ती दिसत नाही. नामशेष हेक्साप्रोटोडॉन हा आजच्या आफ्रिकी पाणघोड्यासारखाच वागत होता, असे आपण गृहीत धरतो. ते गृहीतक लेखात स्पष्ट लिहावे आणि पुढच्या टप्प्यात समस्थानिकांनी (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) तपासावे.

हत्ती कमकुवत साक्षीदार आहे, कारण तो गवतही खातो आणि झाडपालाही, शिवाय दूरवर फिरतो. घोड्याच्या कुळातील प्राणी मोकळ्या गवताळ माळाकडे झुकतात. काळवीट मोकळ्या जागेचा, गवा दमट झाडीचा, चितळ दोहोंच्या सीमेवरचा. गुजरातमधील लांघणज येथे मध्याश्मयुगीन थरात गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले आहे. उत्तर गुजरातचा तो भाग आज कोरडा आहे. एका हाडावरून तिथे आसामसारखी दलदल होती असे म्हणणे धाडसाचे होईल. हंगामी तळी आणि त्यांच्या काठचे उंच गवत एवढे मात्र शक्यतेच्या कक्षेत येते, आणि इतर प्राण्यांच्या यादीशी ते जुळते का हे पाहावे लागते.

यादीत एखादा प्राणी नसणे हा पुरावा नव्हे, विशेषतः साठा लहान असताना. आंध्र प्रदेशातील कर्नूलच्या बिल्लासुरगम गुहांमध्ये सुमारे दोन लाख वर्षांच्या कालावधीतील सस्तन प्राण्यांचे अवशेष अभ्यासले गेले, तेव्हा जवळजवळ सर्व प्रजाती आजही जिवंत असलेल्याच निघाल्या. हवामान बदलूनही यादी फारशी बदलत नाही, कारण प्राणी जवळच्या सोयीच्या कोपऱ्यात सरकून तग धरतात. म्हणून केवळ यादीवर न थांबता दातांची झीज पाहावी.

दाढेचे उंचवटे टोकदार असतील तर प्राणी पाला खात होता. बोथट, सपाट झाले असतील तर गवत. हे निरीक्षण वरच्या दुसऱ्या दाढेवर, अगदी कोवळी आणि अगदी म्हातारी जनावरे वगळून करावे. सूक्ष्मदर्शकाखाली समांतर ओरखडे गवत सुचवतात, तर खड्डे पाला, फळे, बिया. मात्र या सूक्ष्म खुणा मरणापूर्वीच्या काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या आहाराच्याच असतात. मे महिन्यात मेलेले आणि श्रावणात मेलेले जनावर वेगळी साक्ष देईल.

## ९. दातांच्या आवरणातील समस्थानिके

ही तपासणी खर्चीक आहे आणि तिच्यासाठी दात थोडा नष्ट करावा लागतो, म्हणून मागचे आठ टप्पे पूर्ण झाल्याशिवाय तिच्याकडे जाऊ नये.

तत्त्व असे. झाडे, झुडपे, भात व गहू ही सी-३ वनस्पती. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते ही सी-४ वनस्पती. दोन्ही गट हवेतील कार्बन वेगवेगळ्या रीतीने बांधतात. ठरलेल्या मानकाच्या तुलनेत सी-३ मध्ये जड कार्बनचे मूल्य सरासरी उणे २७ दर हजारी, सी-४ मध्ये उणे १२.५ च्या आसपास असते. मोठ्या तृणभक्षी प्राण्याच्या दाताच्या आवरणात हे मूल्य साधारण १४ ने वाढलेले दिसते.

समजा, रानटी बैलाच्या दाताचे मूल्य उणे ३ आले. आजच्या वनस्पतींचे आकडे तसेच वापरले, तर निव्वळ पाला खाणाऱ्याचे मूल्य उणे १३ आणि निव्वळ सी-४ गवत खाणाऱ्याचे अधिक १.५ धरावे लागते, आणि बैलाच्या आहारात सुमारे ६९ टक्के सी-४ गवत निघते. पण कोळसा आणि तेल जाळल्याने आजच्या हवेतील कार्बन हलका झाला आहे. ही दुरुस्ती सुमारे दीड एकक धरली, तर जुन्या काळची टोके उणे ११.५ आणि अधिक ३ होतात, आणि तोच दात सुमारे ५९ टक्के सांगतो. एक दुरुस्ती विसरल्याने दहा टक्के गवत वाढले. हा विसर इतका सार्वत्रिक आहे की कोणताही तक्ता वाचताना मी आधी हीच ओळ शोधतो.

नमुना घेण्याचा क्रम असा ठेवावा:

१) तिसरी दाढ निवडावी. पहिल्या दाढेचे आवरण गर्भात बनू लागते, त्यामुळे तिच्यात आईच्या दुधाची छाप असते. गुरांत तिसरी दाढ साधारण नवव्या महिन्यापासून पुढे सुमारे दोन वर्षांच्या वयापर्यंत बनते.

२) दाताचे छायाचित्र, मापे आणि शक्य असल्यास साचा आधी घ्यावा. दात खरवडल्यानंतर ही संधी परत येत नाही.

३) वरचा थर घासून टाकून टोकापासून मुळाकडे दर २ ते ३ मिलिमीटरवर, वाढीच्या दिशेला आडव्या पट्ट्या बारीक ड्रिलने खरवडाव्यात. दाढेचे टोक आधी बनते, म्हणून क्रम उलटू नये.

४) प्रत्येक पट्टीतून ५ ते १० मिलिग्रॅम भुकटी घ्यावी आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये ड्रिलचे टोक स्वच्छ करावे.

अशा ओळीने घेतलेल्या नमुन्यांत ऑक्सिजनचे मूल्य लाटेसारखे वरखाली होते. जोरदार मोसमी पावसाचे पाणी हलक्या ऑक्सिजनचे असते, उन्हाळ्यात आटलेले पाणी जड. लाटेची उंची पावसाळा आणि उन्हाळा यांतील फरक सुचवते. पाणघोडा पाण्यातच राहत असल्याने त्याचे ऑक्सिजनचे मूल्य त्याच ठिकाणच्या इतर तृणभक्षी प्राण्यांपेक्षा कमी असायला हवे. तसे ते आले, तर हेक्साप्रोटोडॉनच्या सवयींबद्दलच्या आपल्या गृहीतकाला आधार मिळतो. नाही आले, तर आठव्या टप्प्यावर परत जावे.

हीच पद्धत मोठ्या कालखंडावरही चालते. पाकिस्तानातील पोटवार पठारावर शिवालिक थरांतील (हिमालयाच्या पायथ्याशी साचलेल्या जुन्या गाळातील) मातीच्या चुनखडीत आणि दातांत सुमारे ८ ते ६ दशलक्ष वर्षांपूर्वी सी-३ कडून सी-४ कडे सरकणारे मूल्य दिसते.

इशारा: चुनखडीचा थर काढण्यासाठी दाताला ॲसिड किंवा व्हिनेगर लावू नये. हाडाच्या खनिजावरही विसंबू नये, ते जमिनीतील पाण्यामुळे सहज बदलते.

पडताळणी: त्याच दाताचे आवरण, त्याखालचा दंतिन हा भाग आणि बाहेरची चुनखडी यांची मूल्ये एकसारखीच आली, तर मूळ मूल्य पुसले गेले असण्याचा संशय घ्यावा आणि तो दात तक्त्यातून काढावा.

## १०. धागे एकत्र आणणे आणि लिहिणे

एका मोठ्या कागदावर थर उभे आणि पुरावे आडवे मांडावेत: गाळ, झीज, यादी, दाढेची झीज, कार्बन, ऑक्सिजन, शंख-शिंपले. जिथे तीन स्वतंत्र रकाने एकाच दिशेने बोलतात, तिथे ठाम वाक्य लिहावे. जिथे रकाने भांडतात, तिथे भांडण तसेच मांडावे. उदाहरणार्थ, गोट्यांचा थर जोरदार पूर सांगतो आणि कार्बन कोरड्या गवताळ माळाबद्दल बोलतो. या दोन गोष्टी विरोधी नाहीत, आजही अहिल्यानगर आणि सोलापूरकडे दोन्ही एका वर्षात दिसतात.

प्रत्येक निष्कर्षात जागेची आणि काळाची मर्यादा लिहावी. खडीच्या एका थरात शेकडो, कधी हजारो वर्षांची हाडे एकत्र येतात, म्हणजे तुमची यादी हे एका दिवसाचे छायाचित्र नसून अनेक पिढ्यांची मिसळ आहे. ‘महाराष्ट्रात’ असे न लिहिता ‘या वळणाच्या वरच्या दहा-वीस किलोमीटरच्या पात्रात’ असे लिहावे.

शेवटी उरलेले अर्धे दात, वापरलेली व न वापरलेली भुकटी आणि मातीच्या पिशव्या मूळ क्रमांकांसह संस्थेच्या भांडारात जमा कराव्यात, आणि वहीची एक छायाप्रत त्याच पेटीत ठेवावी. लेबलाची शाई आधी पाण्याचा थेंब टाकून तपासावी, कारण जूनमध्ये भांडाराच्या भिंतींना ओल येते.